चित्रीकरणाचेही जनरल रजिस्टर हवे





स्नेहसंमेलन संपले की पंधरा दिवसांत एक प्रश्न हमखास येतो, "सर, सीडी कधी मिळणार?" सीडी गेली, पेनड्राइव्ह आला, आता लिंक आली, प्रश्न मात्र तोच आहे. उशीर झाला की दोष संगणकाला किंवा सॉफ्टवेअरला दिला जातो आणि नवे सॉफ्टवेअर, नवा कॅमेरा घ्यावा अशी सूचना येते. माझे मत थोडे वेगळे आहे. एडिटिंगमधल्या बहुतेक अडचणी यंत्राच्या नसतात, वस्तू जागच्या जागी न ठेवण्याच्या असतात. म्हणून नव्या कॅमेऱ्याच्या आधी शाळेने दोन हार्ड डिस्क आणि एक नोंदवही घ्यावी, असे मी सुचवतो.

मुलांना सर्वांत जास्त घाबरवणारी अडचण घ्या. काल जोडलेली फिल्म आज उघडली, तर चित्राच्या जागी लाल पडदा आणि त्यावर 'मीडिया ऑफलाइन' असे शब्द. मुलांना वाटते सगळे पुसले गेले. तसे नसते. आपण जी प्रोजेक्ट फाइल जपून ठेवतो, तिच्यात व्हिडिओ नसतोच. कोणता तुकडा कुठे ठेवला आहे त्याचे पत्ते आणि तो कुठून कुठपर्यंत घ्यायचा याची नोंद असते. कोणी फोल्डरचे नाव बदलले, डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली आणि तिचे अक्षर ई चे एफ झाले, की पत्ता चुकतो. घर बदललेल्या माणसाचे पत्र पोस्टमन परत नेतो, म्हणून तो माणूस नाहीसा झाला असे आपण म्हणत नाही. अशा वेळी काहीही पुसू नये. सॉफ्टवेअरला एका तुकड्याचा नवा पत्ता दाखवावा. त्याच फोल्डरमधले बाकीचे तुकडे बहुधा ते आपोआप शोधून काढते.

दुसरी तक्रार, पेनड्राइव्हमध्ये जागा असूनही फाइल जात नाही. जुन्या फॅट ३२ पद्धतीने तयार केलेल्या पेनड्राइव्हवर चार जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही. आतला मजकूर आधी दुसरीकडे उतरवून तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा. तिसरी तक्रार, फोनवर घेतलेल्या नाटकात ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. फोन दर सेकंदाला नेहमी सारख्याच संख्येने चित्रे घेत नाही. हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरने ती संख्या स्थिर करून घेतली की हा दोष बहुतेक वेळा जातो. चौथी, चित्र अडखळत चालते. त्यासाठी नवा संगणक घेण्याआधी हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, करून काम करून पाहावे.

एक अडचण खास आपली आहे. शीर्षकात वेलांट्या आणि जोडाक्षरे तुटतात. प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्स भागात दक्षिण आशियाई लिप्यांसाठी वेगळा पर्याय आहे, तो निवडला की अक्षरे जुळतात. तसेच जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावे दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांसारखी दिसतात. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, पण देवनागरी दोन्ही भाषांची आहे. ती मोडकी दिसलेली मला खपत नाही. मुलांनी पहिल्यापासून युनिकोडमध्येच टाइप करावे.

आता मुख्य मुद्दा. जे जपले नाही ते गेले, हा अनुभव मोठ्यांनाही आला आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये प्रदर्शित झाला. तो आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही. १९३१ चा 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट, त्याची एकही प्रत हाती नाही. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगावहून रिळे गोळा केली, म्हणून पुष्कळ काही वाचले. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मची रिळे जळाली. संगणकाच्या जगातही तेच. १९९८ मध्ये अमेरिकेत पिक्सार कंपनीच्या 'टॉय स्टोरी २' च्या बहुतेक फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. राखीव प्रत होती, पण ती नीट होत नव्हती हे कोणी तपासलेच नव्हते. त्या चित्रपटावरील गॅलिन ससमन या बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला. बोध एवढाच की एक प्रत इमारतीबाहेर हवी, आणि ती उघडून पाहिलेली हवी.

आपल्या आबिड्सला दर रविवारी फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तिथे पन्नास वर्षांपूर्वीचे पुस्तक उचलले तरी ते उघडते आणि वाचता येते. पंधरा वर्षांपूर्वीच्या हार्ड डिस्कची अशी खात्री कोण देईल? २०११ मध्ये फायनल कट प्रोची नवी आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात जुन्या आवृत्तीची प्रोजेक्ट उघडत नव्हती. विंडोज मूव्ही मेकरही २०१७ मध्ये बंद झाला. सॉफ्टवेअर येते आणि जाते. म्हणून फिल्म पूर्ण झाली की तिची साधी एमपी ४ प्रत वेगळी काढून ठेवलीच पाहिजे.

आपल्या कपाटातल्या कॅसेटींवर केवळ नाच-गाणी नाहीत. १९४८ ची पोलीस अ‍ॅक्शन डोळ्यांनी पाहिलेल्या ज्येष्ठांनी मुलांना सांगितलेल्या आठवणी आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेत राहिलेल्या घरांची मराठी आहे, जिच्यात उर्दू आणि तेलुगू सहज मिसळते. ही बोली पाठ्यपुस्तकात नाही. बोलणाऱ्यांपैकी फार थोडे आज आपल्यात आहेत. मिनी डीव्ही कॅसेट वाचणारे कॅमेरे आता नवे मिळत नाहीत. तासाभराची कॅसेट उतरवायला एक तास लागतो आणि सुमारे तेरा जीबी जागा लागते. हे काम पैशाचे कमी आणि चिकाटीचे जास्त आहे. मात्र ते लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आपण प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस लिहितो. म्हणून पन्नास वर्षांनी कोणी आले तरी दाखला देता येतो. तशीच नोंद प्रत्येक चित्रीकरणाची व्हावी: तारीख, कार्यक्रम, कोण बोलले, कोणत्या भाषेत, कोणी जोडले, कोणत्या डिस्कवर आहे. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. 'फायनल', 'फायनल नवे', 'खरे फायनल' अशी नावे बंद व्हावीत. एक डिस्क शाळेत, दुसरी एखाद्या विश्वस्तांच्या घरी, तिसरी प्रत इंटरनेटवर. दर जूनमध्ये सर्व प्रती उघडून पाहाव्यात. बाहेरच्या व्यावसायिकाला काम दिले, तर मूळ चित्रीकरण शाळेकडे सोपवण्याची अट लेखी असावी.

काही पालक म्हणतील, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे आहेच. तिथे व्हिडिओ दाबून लहान होतो, आणि फोन बदलला की तोही जातो. काही म्हणतील, दहावीच्या वर्षात हा वेळेचा अपव्यय. म्हणून हे काम आठवी-नववीच्या मुलांकडे, आठवड्यातून एक तास द्यावे. दोष कुठे आहे ते एकेक शक्यता तपासून शोधणे, सापडलेले वहीत लिहिणे, दुसऱ्याला समजेल असे नाव देणे, ही विज्ञानाच्या प्रयोगवहीचीच शिस्त आहे. मुलांची चित्रे पालकांच्या संमतीविना बाहेर जाणार नाहीत, ही जबाबदारी शाळेची.

विश्वस्त मंडळास विनंती, येत्या अंदाजपत्रकात दोन डिस्कचा खर्च धरावा. पालकांस विनंती, घरी जुन्या कॅसेटी किंवा चालू स्थितीतला जुना कॅमेरा असेल तर शाळेला काही दिवस द्यावा. आणि विद्यार्थी मित्रांनो, नोंदवहीचे पहिले पान तुमच्या अक्षरात लिहिले जावे, अशी माझी इच्छा आहे.

आपला,
मुख्याध्यापक