एलिव्हेशन बिघडतं म्हणे!

गेल्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगला गेलो होतो. एरवी मी त्या वाटेला जात नाही, कारण पार्किंग आणि टँकर यांपलीकडे तिथे काही निघत नाही. पण या वेळी अर्ज माझाच होता. सातव्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीला जाळी बसवायची परवानगी हवी होती.

उत्तर मिळालं, "नाही. बिल्डिंगचं एलिव्हेशन बिघडतं."

आमचे चिरंजीव २० महिन्यांचे आहेत. कठडा साडेतीन फुटी, म्हणजे उंचीच्या नियमात बसणारा. पण त्याला चार आडवे पाइप आहेत. ब्रोशरमध्ये झकास दिसतात. चिरंजीवांच्या दृष्टीने मात्र ती शिडी आहे! परवा दुसऱ्या पाइपावर उभे राहून खालच्या कुत्र्याला हाका मारत होते. बायकोने मागून उचललं, तेव्हा तिचे हात थरथरत होते. एवढ्या लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. वाकलं की तोल पुढेच जाणार.

हे सांगितल्यावर एक काका म्हणाले, "आमच्या वेळी कुठे होत्या जाळ्या? आया लक्ष ठेवायच्या."

अहो काका, तुमच्या वेळी तुम्ही वाड्यात राहत होतात! खाली ओटा, घरात आजी, शेजारी काकू. आमच्याकडे दोघांपैकी एक जण कॉलवर आणि दुसरा गॅसपाशी. आणि हे लक्ष नेहमी आयांनीच का ठेवायचं, हा वेगळाच विषय. असो.

चुकून एक बटन दाबलं आणि सगळा डेटा उडाला, तर "युजरने लक्ष द्यायला हवं होतं" असं आम्हाला म्हणता येत नाही. (म्हणतो कधीकधी, मग शिव्या खातो.) माणसाचं लक्ष उडणारच, हे धरूनच डिझाइन करायचं असतं.

न्यूयॉर्क शहराने १९७६ साली तसा नियमच केला. तीन किंवा जास्त फ्लॅटांच्या इमारतीत १० वर्षांपर्यंतचं मूल राहत असेल, तर खिडक्यांना गार्ड बसवण्याची जबाबदारी घरमालकाची. फट साडेचार इंचांहून मोठी नको. "आग लागली तर?" हा आमच्या मीटिंगमधला एकमेव शहाणा प्रश्न. तिथे फायर एस्केपच्या खिडकीला गार्ड लावत नाहीत. आपल्यालाही जाळीचा एक भाग किल्लीने उघडणारा ठेवता येतो, किल्ली वर खिळ्याला.

बाकीचं घर मी माझ्यापुरतं निस्तरलंय. कपाटं भिंतीला ठोकली, फिनेल माळ्यावर गेलं, बटन सेलवाला रिमोट घरातून हद्दपार केला (तो सेल घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते). त्यासाठी कुणाची परवानगी लागली नाही.

सध्या बाल्कनीच्या दाराला वरून कडी आहे आणि कपडे हॉलमध्ये वाळतायत. जाळीवाल्याला शनिवारी बोलावलंय, परवानगीशिवायच. दंडाची नोटीस आली की तीही इथेच चिकटवतो.