शेजाऱ्याचे अक्षर

सरत्या वर्षात मराठी वृत्तपत्रांतून, वाहिन्यांवरून आणि व्याख्यानमालांतून चीन व जपान यांच्याविषयी उदंड बोलले गेले. मात्र त्यातील बहुतेक सगळे इंग्रजीच्या वाटेने, म्हणजे दुसऱ्याने निवडलेल्या, दुसऱ्याने अनुवादलेल्या आणि दुसऱ्याच्याच प्रश्नांसाठी मांडलेल्या मजकुरातून आले, ही गोष्ट वर्षभर बोचत राहिली. दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीवर चीनने घातलेली बंधने असोत किंवा ‘डीपसीक’ ही चिनी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली असो, मत देणाऱ्यांची वानवा नव्हती. मूळ चिनी निवेदन वाचून मत देणारा मात्र विरळाच. पहिलीपासून तिसरी भाषा कोणती शिकवावी यावरून महाराष्ट्र ढवळून निघाला आणि जूनअखेर शासनाला आपले निर्णय मागे घ्यावे लागले, मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. वर्षाचा एवढा उल्लेख येथे पुरे. यंदाच्या अंकाचा विषय ‘शेजार’ असल्यामुळे, शेजाऱ्याला त्याच्याच अक्षरांतून ओळखण्यासाठी काय करावे लागते, हा प्रश्न अंकाच्या दारातच विचारलेला बरा.

त्याचे एक उत्तर जपानमधील क्योतो शहराच्या किताशिराकावा भागात, 1930 साली बांधलेल्या, स्पॅनिश वळणाच्या आणि मनोरा असलेल्या एका इमारतीत सापडते. क्योतो विद्यापीठाच्या मानव्यविद्या संशोधन संस्थेची, जपानीत ज्या संस्थेला थोडक्यात ‘जिम्बुनकेन’ म्हणतात तिची, पूर्व आशियाविषयक शाखा या इमारतीत वाढली. तिचा उगम निष्कलंक नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. बॉक्सर उठावानंतर, 1901 च्या तहान्वये, परकीय सत्तांनी चीनवर 45 कोटी तायलचा दंड लादला (तायल हे चांदीचे वजनी माप); त्यातील जपानच्या वाट्याचा पैसा सांस्कृतिक कार्याला लावण्याचे 1923 मध्ये ठरले, जिनान येथील जपानी लष्करी कारवाईनंतर 1928 मध्ये या कामासाठी नेमलेल्या संयुक्त समितीतून चिनी सदस्य बाहेर पडले, आणि 1929 मध्ये जपानने तोक्यो व क्योतो येथे संशोधन संस्था उभ्या केल्या. चीनच्या अभ्यासाची ही वास्तू चीनकडून वसूल केलेल्या दंडातून उभी राहिली. महायुद्धानंतर, 1949 मध्ये, क्योतोतील संस्था अन्य दोन संस्थांशी एकत्र येऊन विद्यापीठाची संस्था झाली आणि प्राचीन चीनचे इतिहासकार काइझुका शिगेकी यांच्याकडे तिचे संचालकपद आले.

संस्थेचे खरे वैशिष्ट्य तिच्या वाचनपद्धतीत आहे. ‘काइदोकु’ म्हणजे अनेकांनी एकत्र बसून एकच ग्रंथ ओळीओळीने वाचणे: एका सदस्याने नेमून दिलेल्या भागाचा अनुवाद आणि टिपा तयार करून आणायच्या, आणि इतरांनी त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ, आधार व पाठभेद तपासायचा. असे गट ठरावीक दिवशी, वर्षानुवर्षे बसतात. त्यांत विद्यापीठाबाहेरचे अभ्यासकही असतात. सोंग यिंगशिंग याने 1637 मध्ये लिहिलेला ‘तिआनगोंग काइवू’ हा भातशेती, रेशीम, मीठ, कागद आणि धातुकाम यांची माहिती देणारा ग्रंथ अशाच एका गटात अभ्यासला गेला. भाषा जाणणारा आणि धातू वितळवण्याची रीत जाणणारा, दोघेही एका मेजाशी हवेत, असा तो ग्रंथ आहे. विज्ञानेतिहासकार याबुउची कियोशी यांच्या संपादनाखाली तो अभ्यास 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्व आशियाविषयक पुस्तके व लेख यांची वर्षवार सूची हे संस्थेचे दुसरे काम 1934 सालापासूनच्या लेखनाची नोंद घेत आले आहे. सूचीकाराला टाळ्या मिळत नाहीत, पण त्याच्याशिवाय पुढच्या अभ्यासकाचे पाऊल उचलत नाही.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे काम मात्र युनकांगचे. उत्तर चीनमधील दातोंग शहराजवळ, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वालुकाश्मात कोरलेल्या या बौद्ध लेण्यांची परंपरा मध्य आशियाच्या मार्गाने मागे नेत गेल्यास अखेर कार्ले आणि अजिंठा यांच्या कुळापर्यंत पोहोचते. मिझुनो सेइइची आणि नागाहिरो तोशिओ यांनी 1938 ते 1944 या काळात तेथे मोजमापे, आरेखने आणि छायाचित्रे केली, आणि 1951 ते 1956 मध्ये त्यांचे 16 खंड जपानी व इंग्रजीत निघाले. तो प्रदेश तेव्हा जपानी सैन्याच्या ताब्यात होता. म्हणून या खंडांचे ऋण मानताना तो ताबाही विसरून चालत नाही. ज्ञान सावकाश मिळवले म्हणजे ते निरपराध ठरते असे नाही, पण घाईने मिळवलेले ज्ञान अधिक निरपराध असते असेही नाही.

ही वाट मराठी विद्वत्तेला परकी होती, असे कोणी म्हणू नये. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत असत. त्याच परंपरेतील पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांनी ‘विमुत्तिमग्ग’ व ‘विसुद्धिमग्ग’ या बौद्ध ग्रंथांचा तौलनिक अभ्यास 1937 मध्ये पुण्यात प्रसिद्ध केला. ‘विमुत्तिमग्ग’ संपूर्ण स्वरूपात उरला आहे तो केवळ सहाव्या शतकातील चिनी अनुवादात, म्हणजे भारतीय परंपरेतला ग्रंथ समजून घेण्यासाठी पुण्याच्या पंडिताला चिनी अक्षरांपाशी जावे लागले, आणि तो गेला. पुढे उतारवयात, 1970 मध्ये, बापटांनी हिराकावा आकिरा या जपानी विद्वानाच्या सहकार्याने, विनयाच्या (भिक्षुसंघाच्या नियमांच्या) पाली अट्ठकथेच्या म्हणजे भाष्यग्रंथाच्या 489 सालच्या चिनी रूपाचा इंग्रजी अनुवाद भांडारकर संस्थेच्या मालेत दिला.

आज पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांतील अनेकांना त्या भाषेने चांगली नोकरी दिली आहे. त्यात काहीही कमीपणा नाही. परंतु भाषांतराच्या नोकरीपलीकडे जाऊन दहा वर्षे एका ग्रंथापाशी बसू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला वेतन, जागा आणि सोबती देणारी योजना कोणत्या मराठी विद्यापीठाने आखावी, हे विचारण्याची वेळ टळून चालली आहे. त्यासाठी मनोऱ्याची इमारत लागत नाही. एक खोली, कोशांचे एक कपाट, चिनी, जपानी व पाली जाणणारे सहा-सात जण आणि आठवड्यातील एक ठरलेली दुपार इतक्यावर आरंभ होऊ शकतो, आणि आरंभासाठी बारा भागांचा तो चिनी ‘विमुत्तिमग्ग’ समोर आहेच. पहिली तीन-चार वर्षे वार्षिक अहवालात दाखवण्याजोगे फारसे काही हाती लागणार नाही, हे अनुदान देणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे लागेल.