खांद्यात प्लेट टाकण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एक आत्या नळावरून येताना शेवाळावर घसरल्या. वय बहात्तर. खांद्यापाशी दंडाचे हाड मोडले. जवळच्या खाजगी दवाखान्यात एक्स-रे निघाला. "उद्याच ऑपरेशन करून प्लेट टाकू, नाहीतर हात कायमचा जाईल," असे सांगून खर्चाचा कागद हाती दिला. मुलगा हमाली करतो. रात्री तो आमच्याकडे आला. "दादा, बायकोच्या कानातले मोडतो, बाकीचे पतपेढीतून काढतो. तुम्ही जामीन राहता का?"

सही करण्यापूर्वी आम्ही विचारले, "दुसऱ्या डॉक्टरला दाखवले का?" दाखवले नव्हते. सकाळी आम्ही आत्यांना सरकारी रुग्णालयात नेले. तीन तास रांगेत गेले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी हाताची नाडी पाहिली, बोटे हलवायला लावली आणि सांगितले, "तुकडे थोडे सरकले आहेत, पण सांधा निखळलेला नाही. हात झोळीत ठेवा. ऑपरेशन नको."

बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "दादा, गरिबाला गरिबाचा इलाज दिला का हो?" खरे सांगतो, ही शंका आमच्याही मनात आली होती. म्हणून आम्ही परत आत जाऊन स्पष्ट विचारले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी नीट समजावले.

आम्ही पडलो कारकून, आकडा पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. ब्रिटनमधील डॉक्टरांनी असे हाड मोडलेल्या २५० रुग्णांचे दोन गट केले. सरासरी वय ६६. एका गटाचे ऑपरेशन, बहुतेकांना प्लेट. दुसऱ्या गटाला फक्त झोळी आणि व्यायाम. दोन वर्षे पाहणी झाली. खांद्याच्या कामाला ४८ पैकी गुण दिले, तर ऑपरेशनवाल्यांना सरासरी ३९ आणि झोळीवाल्यांना ३८. म्हणजे फरक नाहीच. हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये २०११ साली ६० वृद्ध रुग्णांची अशीच पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात प्लेट टाकलेल्यांपैकी ३० टक्के लोकांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. कारण साधे आहे. म्हातारपणी हाड आतून पोकळ होते. भुसभुशीत भिंतीत खिळा टिकत नाही, तसे त्यात स्क्रू धरत नाहीत. कधी सांध्यात घुसतात.

म्हणजे झोळी हा गरिबाचा इलाज नव्हे. साहेबाच्या आईलाही अशा वेळी हाच इलाज पुरतो.

मात्र ऑपरेशन नेहमीच चुकीचे, असे कोणी समजू नये. सांधा निखळला असेल, हाड कातडी फाडून बाहेर आले असेल, हात गार किंवा बधिर पडला असेल, तर एक तासही दवडू नका. हाडाच्या गोळ्याचेच तुकडे झाले असतील, तरी शस्त्रक्रिया लागू शकते, कधी सांधाही बदलावा लागतो. तरुण माणसाचा हिशेबही वेगळा.

झोळी म्हणजे नुसते पडून राहणेही नव्हे. बोटे, मनगट पहिल्या दिवसापासून हलवावे. रात्री पाठीला उशा लावून अर्धवट बसते झोपावे. दोन-तीन आठवड्यांनी डॉक्टर सांगतील तसा व्यायाम सुरू करावा. तो टाळला तर खांदा आखडतो. मालीश मुळीच करू नये.

आत्यांची सून रोज सकाळ-संध्याकाळ व्यायाम करून घेई. चार महिन्यांनी आत्या स्वतःची वेणी घालू लागल्या. वरच्या फळीवरचा डबा अजून निघत नाही, तो नातू काढून देतो. कानातले सुनेच्या कानातच आहेत.

तेव्हा बंधू-भगिनींनो, कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: ऑपरेशन नाही केले तर काय होईल? केले तर कोणता धोका? दोन दिवस थांबून दुसऱ्याला दाखवले तर चालेल का? विचारण्यात लाज नाही. हात आपला आहे आणि कर्जही आपल्यालाच फेडायचे आहे.