गुड फ्रायडेची दोन ते चारची ड्युटी

बंगळूरला बदली होऊन आल्यापासून पाहतोय, गुड फ्रायडेच्या सकाळी फोनवर 'हॅपी गुड फ्रायडे' येऊ लागतं, फुलांच्या चित्रासकट. पाठवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण येशूला क्रुसावर चढवलं तो हा दिवस, त्यात हॅपी काय? घोटाळा त्या 'गुड' शब्दाचा आहे. मल्याळीत याला 'दुःखवेळ्ळी' म्हणतात, दुःखाचा शुक्रवार. तिथे चुकून कोणी शुभेच्छा देणार नाही.

इथल्या शिवाजीनगरात (हो, बंगळुरातही शिवाजीनगर आहे) सेंट मेरी बॅसिलिका आहे. एरवी गजबजलेली. कॅथलिक चर्चमध्ये या दिवशी घंटा वाजत नाहीत, वेदीवरचं कापडसुद्धा काढलेलं असतं. मिस्सा होत नाही. मुख्य प्रार्थना बहुतेक ठिकाणी दुपारी तीनच्या सुमारास असते, कारण येशूने प्राण सोडले ती वेळ तीच मानतात.

बाकीचं शहर गुरुवारी रात्रीच म्हैसूर रस्त्याला लागलेलं असतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, सुट्टी सगळ्यांचीच आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या घानात गुड फ्रायडे आणि ईस्टरचा सोमवार, दोन्ही सरकारी सुट्ट्या असतात. तिथेही क्वाहूच्या डोंगरावर लोक गावी जमतात आणि पॅराग्लायडिंग करतात.

मला खटकतं ते वेगळंच. सुट्टी कागदावर द्यायची आणि ज्याच्यासाठी दिली त्यालाच कामाला लावायचं. २०१५ साली मुख्य न्यायाधीशांची परिषद नेमकी गुड फ्रायडेपासून ठेवली होती. न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी पत्र लिहून नाराजी कळवली. २०१९ मध्ये बंगळुरात लोकसभेचं मतदान १८ एप्रिलला, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्याच दिवशी होतं. तो ख्रिस्ती लोकांचा पवित्र गुरुवार. त्याच वर्षी दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीतली ही सुट्टी प्रशासनाने ऐच्छिक केली. लोकांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं, तेव्हा ती परत मिळाली.

फौजेत खरं तर याची चांगली समज आहे. आपल्याकडे पंडित, ग्रंथी, मौलवी तसे पाद्रीही धर्मगुरू म्हणून भरती होतात. मंदिरात आरती असो की गुरुद्वाऱ्यात पाठ, साहेबापासून जवानापर्यंत सगळे जातात. तरीही मागे एका ठिकाणी कन्याकुमारीकडचा एक हवालदार गुड फ्रायडेला दोन ते चार गार्डवर उभा पाहिला. उपवास होता, पाणीसुद्धा प्यायला नव्हता. ड्युटी लावणाऱ्याने मुद्दाम केलं नव्हतं. त्याच्या लेखी ती सुट्टीच्या दिवसाची साधी ड्युटी होती. हवालदारही बोलला नाही. युनिटमध्ये ख्रिस्ती जवान दोन-तीनच असले की कोणी बोलत नाही.

गणपतीत आमच्या आरतीच्या वेळी हीच पोरं न सांगता गार्ड घेतात. मग त्यांचे वर्षातले दोन-तीन तास आपण घ्यायला काय हरकत आहे? यासाठी नवा आदेश लागत नाही. ड्युटीची यादी करताना सुभेदार साहेबांनी एकदा विचारलं तरी पुरतं. आणि विचारायचंच असेल तर शनिवारच्या रात्रीचंही विचारावं. ईस्टरची प्रार्थना त्या रात्री असते, पण ईस्टर रविवारी येतो म्हणून त्याची सुट्टी कोणी मोजतच नाही.