हवाईचा पतंग आणि आपला पेरू

डोडो पक्ष्याचे चित्र काढा म्हटले तर वर्गातील सारी मुले काढतात. पतंगाचे कोण काढील? दिव्यावर झेपावणारा किडा, एवढीच त्याची आपल्या घरांत ओळख. म्हणूनच प्रशांत महासागरातील हवाई बेटांवरच्या एका पतंगाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. आपणही बेटावरचेच, ती परकी वाटू नये.

ब्लॅकबर्न नावाच्या पाद्र्याच्या नावाने १८८० साली या पतंगाची शास्त्रात नोंद झाली. पंखांचा विस्तार सुमारे १२ सेंटिमीटर. त्याची अळी 'आइएआ' या देशी झाडाची पाने खाते. हे झाड आपल्या वांगी-टोमॅटोच्या कुळातले. रान तुटले, बकऱ्यांनी व गुरांनी रोपे फस्त केली, बाहेरून आलेल्या मुंग्यांनी अंडी खाल्ली. १९७०च्या दशकात पतंग नष्ट झाला असेच सारे मानू लागले. १९८४ साली तो माउई बेटावर पुन्हा सापडला, आणि २००० साली अमेरिकन सरकारने त्याला कायद्याचे संरक्षण दिले. हवाईतील कीटकाला असे संरक्षण पहिल्यांदाच मिळाले.

पण अडचण पुढेच आहे. देशी झाड दुर्मिळ झाल्यावर अळ्या रानतंबाखूवर जगू लागल्या. हे झुडूप दक्षिण अमेरिकेतून आलेले, पडीक जमिनीत माजणारे. ते उपटावे तर पतंग उपाशी. शिवाय त्याचा कोष मातीत कधी वर्षभर पडून असतो, तोही कुदळीखाली जातो. म्हणून तीन फुटांहून उंच झुडूप जाणकाराने तपासल्यावाचून काढू नये, असे तिथे सांगतात. हा सावधपणा आम्हांस योग्य वाटतो.

आपल्याकडेही असाच एक पाहुणा आहे, गोयाव्ह द शीन! हंगामात आपण सहकुटुंब प्लेन शांपाञला जातो, मीठ-मिरची लावून खातो. आम्हीही खातो. पण ब्राझीलच्या या झाडाने आपल्या रानाचा गळा आवळला आहे. चांगले देशी रान आता दोन टक्क्यांहूनही कमी उरले. कुंपण घातलेल्या वनखंडांतून ही झाडे काढतात तेव्हा आपल्यातील काही मंडळी कुरकुरतात. ती कुरकुर आम्हांस पटत नाही. इथे कोणाचे अन्न त्यावर अडलेले नाही, आणि कुंपणाबाहेर पेरू काही थोडे नाहीत.

पुढच्या हंगामात पिशव्या भरून झाल्यावर मुलांना जवळचे एखादे आबनुसाचे झाडही दाखवावे. मराठी नाव आठवले नाही तर बोआ देबेन म्हटले तरी चालेल.