पेट्या येतील, पण रानातली माशी टिकेल का?

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ झालं. त्याआधी २०२० मध्ये केंद्राने मधमाशी मिशनला ५०० कोटी जाहीर केले होते. चांगलंच आहे. पण या सगळ्यात बोलणं होतं ते पेटीतल्या माशीचं. पेटीत न राहणारी आग्या, फुलोरी, लाकूड पोखरणारा काळा भुंगा, यांचं नाव कुठे निघत नाही. आणि त्यांच्यावर आमरी अवलंबून आहे.

आमरी म्हणजे ऑर्किड. पावसाच्या तोंडावर झाडाच्या फांदीवरून गुलाबी-पांढरा तुरा लोंबतो ती सीतेची वेणी आमरीच. ती अजून दिसते तरी, पण सह्याद्रीतल्या कित्येक आमऱ्या शोधूनही सापडत नाहीत.

इतर फुलांचा पराग भुकटीसारखा, कुठलाही किडा थोडा थोडा नेतो. आमरीत तो गोळ्यांत बांधलेला असतो. माशी आत शिरली की आख्खी गोळी तिच्या डोक्याला नाहीतर पाठीला चिकटते आणि पुढच्या फुलात बरोबर जागेवर लागते. माशीचं माप चुकलं तर काम होत नाही. काहींना तर माशी चालतच नाही, रात्रीचा पतंग लागतो. म्हणजे सातेरीच्या पेट्या ठेवल्या की सगळ्या आमऱ्यांचं भागलं, असं नाही. त्यात जवळपास एक तृतीयांश जाती माशीला काहीच देत नाहीत, नुसता रंग-वास दाखवून फसवतात! फसलेली माशी लवकर शहाणी होते, त्यामुळे रानात माशा भरपूर असल्या तरच हे जमतं. मात्र एकदा जमलं की एका बोंडात हजारो, काही जातींत लाखो बिया.

माशी नसली तर काय होतं ते व्हॅनिलाने दाखवलंय. तीही आमरीच, मूळची मेक्सिकोची. रियुनियन बेटावर वेल वाढला, फुलला, पण शेंग धरेना. १८४१ मध्ये एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फूल फळवून दाखवलं. आजही मळ्यात एकेक फूल माणूस हाताने फळवतो, तेही उमललं त्याच दिवशी. व्हॅनिलाला पैसा मिळतो म्हणून मजुरी निघते. उंच झाडावरच्या आमरीसाठी काडी घेऊन कोण चढणार?

आपल्याकडे आग्यामोहोळ अजून मशाल लावून काढतात. मध हाती येतो किलोंनी, पण पिल्लांसकट मोहोळ जळतं. खरं तर पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापून पिल्लांचा भाग सोडता येतो. फवारणीचंही तेच. भर फुलोऱ्यात, तेही सकाळी, औषध मारलं की माशी गेलीच. फुलोऱ्यात टाळावं, अगदीच गरज पडली तर संध्याकाळी माशा परतल्यावर मारावं.

वनहक्क कायद्यात मध हे गौण वनोपज आहे, म्हणजे हक्क मिळालेल्या गावांत ग्रामसभेला यात बोलता येतं. मशालीवर बंदीचा ठराव तिथे करता येईल. आणि पेट्यांसाठी अनुदान मागताना रानमध काढणाऱ्यांना जाळीचे कपडे, दोर आणि धुराडंही मागावं.