भेसळ कशाला म्हणायचे?

एखादी गोष्ट बाद ठरवायची असली की आपल्याकडे तिला ‘भेसळ’ म्हणतात. मग पुरावाही द्यावा लागत नाही आणि ती गोष्ट शेवटपर्यंत ऐकावीही लागत नाही. गेल्या हिवाळ्यात अमरावतीतल्या एका घरगुती बैठकीत मी त्रिलोक गुर्टू यांचे ध्वनिमुद्रण लावले. तबला सुरू होताच माना डोलल्या, पण त्यात आफ्रिकी गायिकेचा आवाज मिसळला आणि एक जाणते गृहस्थ म्हणाले, “झाली भेसळ!” माझे भांडण त्या गृहस्थांशी नाही, त्या शब्दाशी आहे, आणि फराळाचे ताट पुढ्यात असले तरी ते मी येथे भांडणार आहे.

हे गुर्टू म्हणजे ठुमरीच्या थोर गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. शोभाताई मूळच्या बेळगावच्या, माहेरच्या शिरोडकर. अशा आईच्या पोटी १९५१ साली मुंबईत जन्मलेला हा मुलगा आधी तबला शिकला आणि मग विलायती ड्रमकडे वळला. तो ड्रमही स्टुलावर बसून नव्हे, तर आपल्या बैठकीच्या रीतीने, जमिनीलगत बसून वाजवू लागला. १९८८ च्या ‘उस्फ्रेट’मध्ये त्याने आईलाच गायला बसवले आणि सोबतीला डॉन चेरी हा अमेरिकन तुतारीवादक घेतला. पुढे ‘आफ्रिकन फँटसी’त बेनिन देशाची अँजेलिक किजो आली, २००१ च्या ‘द बीट ऑफ लव्ह’मध्ये मालीचे सालिफ केइता आले. हा माणूस जन्मभर असाच दुसऱ्याच्या ओसरीवर गेला आणि दुसऱ्याला आपल्या ओसरीवर बोलावीत राहिला.

आता सांगा, ही भेसळ कशी? हरभऱ्याच्या डाळीत लाखोळी मिसळणारा व्यापारी पोत्यावर ‘लाखोळी’ असे लिहितो काय? भेसळीची खूणच ही की ती लपवावी लागते. गुर्टूंनी काय लपविले? कोण गाते, कोण वाजवते, सारे नावानिशी छापलेले. ज्याला ऐकायचे त्याने ऐकावे, नको त्याने ऐकू नये. याला मेळ म्हणतात.

आणि आफ्रिकेचे नाव ऐकून नाक मुरडणाऱ्या आम्हां वऱ्हाडकरांनी आपले ताट एकदा पाहावे! ज्या ज्वारीच्या भाकरीवर अकोल्या-अमरावतीच्या पिढ्या पोसल्या, ती ज्वारी हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली. बाजरीही तिकडचीच, तिच्या लागवडीचा फार जुना पुरावा मालीत, म्हणजे त्या सालिफ केइतांच्याच देशात सापडला आहे. आता हुरड्याच्या दिवसांत शेतावर बसून आपण कणसे भाजू, तेव्हा कोणी ‘भेसळ’ म्हणणार नाही. धान्य चालते, मग ठेका का चालू नये?

बरे, पेटीचेच पाहा. हार्मोनियम विलायतेहून आली म्हणून १९४० पासून सुमारे तीस वर्षे आकाशवाणीने तिला दार बंद केले होते. आज पेटीवाचून कीर्तन उभे राहत नाही आणि भजनी मंडळ बसत नाही. त्या काळचे शुद्धतेचे पहारेकरी कोठे गेले? पेटी मात्र राहिली.

कोणी म्हणेल, असल्या मिश्रणात ताल पातळ होतो. होतो, कच्च्या हाती होतो. ज्याला एक ताल पुरता येत नाही, त्याने दोन तालांच्या वाटेस जाऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण मग त्या वादनाला कच्चे म्हणा. कच्चेपणा आणि भेसळ ही दोन वेगळी दुखणी आहेत. वैद्याने ती एक समजली तर रोगी दगावतो.

खरी भेसळ पाहायची असेल तर आमच्याच निमंत्रणपत्रिका उघडा. मेळघाटातली कोरकू मंडळी ढोल-बासरी घेऊन दिवसभराचा प्रवास करून शहरात येतात. पत्रिकेवर उद्घाटक असतात, अध्यक्ष असतात, मंडपाचा खर्च देणारे शेठजी ठळक अक्षरांत असतात. आणि ज्याच्या ढोलावर सारा मंडप हलतो, तो ‘आदिवासी नृत्यपथक’ या दोन शब्दांत बुडून जातो. खडीगंमतीतल्या डफवाल्याची गत निराळी नाही. तो ‘आणि साथीदार’. दुसऱ्याचा ठेका घ्यायचा, टाळ्या घ्यायच्या आणि नाव गाळायचे, याला मी भेसळ म्हणतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ज्या जिल्ह्यात साध्या खंजिरीला मान मिळवून दिला, त्या जिल्ह्यात हे चालावे, याची मला शरम वाटते.

तेव्हा माझे मागणे साधे आहे. यंदा ‘दिवाळी पहाट’ करणाऱ्या अकोल्या-अमरावतीच्या मंडळांनी गाणाराच्या नावाखाली प्रत्येक वाजविणाराचे पुरे नाव छापावे, मग तो तबलजी असो की कोरकू ढोलकरी. आणि बिदागी देताना त्याला पाकीटही वेगळे द्यावे. एवढे झाल्यावर गुर्टूंना कोणी भेसळखोर म्हणाला तर मी त्याच्याशी आनंदाने वाद घालीन. तोपर्यंत तो अधिकार आम्हांला नाही.